सोनटक्केभाऊंची भावकी

मयताच्या घरी खारीचा पुडा घेऊन गेलेला बोईसरमधला मी पहिलाच माणूस असेन. त्या दिवशी रविवार होता आणि रविवार म्हणजे सोनटक्केभाऊंकडे वाचन मंडळ. खारी आणायची पाळी माझी. स्टेशनजवळच्या बेकरीतून ताजी खारी घेतली, पुडा कापडी पिशवीत टाकला, सोबत चष्मा आणि त्या दिवशीच्या प्रकरणाची झेरॉक्स, आणि तेवढ्यात मंडळातल्या संखेंचा फोन आला. "जाधव, भाऊ गेले रे. पहाटे छातीत कळ आली. दवाखान्यात नेलं, पन काय उपेग झाला नाय..." पुढचं मला नीट ऐकू आलं नाही. रिक्षा केली, जिना चढलो, दारातल्या चपलांच्या ढिगात माझ्या चपला सोडल्या, आत गेलो आणि सवयीनं, अगदी दर रविवारच्या सवयीनं, पिशवीतला पुडा काढून टीपॉयवर ठेवला. खाली चटईवर भाऊ होते. उशाशी मालतीवहिनी. सगळ्या खोलीनं त्या पुड्याकडे पाहिलं. बेकरीवाल्यानं त्याला लाल-पांढरा दोरा बांधून वर छानपैकी सुरगाठही मारली होती. परत उचलावा तर अजून वाईट दिसेल, म्हणून मी तो तसाच सोडला आणि भिंतीला पाठ लावून उभा राहिलो. भाऊ जिवंत असते तर चष्मा कपाळावर ढकलून म्हणाले असते, "थांबा जाधवराव. मयताच्या घरी खारी चालत नाही, मान्य. पण काहून?"

हे 'काहून' म्हणजे विनायक सोनटक्के. माणूस वाशीमकडचा. तरुणपणी इथल्या औद्योगिक वसाहतीत रंगाच्या कारखान्यात लागला आणि निवृत्त होईपर्यंत तिथंच राहिला. बोईसरच्या हवेनं त्यांचे केस घालवले, दमा दिला, पण ते 'काहून' काही इथल्या 'कशाला'ला बळी पडलं नाही. मी साताऱ्याचा, शेजारच्या कारखान्यात स्टोअरला. आमची ओळख शिफ्टच्या बसमध्ये झाली. शेजारी बसलेला हा अनोळखी गृहस्थ मांडीवरचं जाडजूड पुस्तक मिटून अचानक माझ्याकडे वळला आणि म्हणाला, "मामाची पोरगी चालते, काकाची चालत नाही. काहून?" मला वाटलं, माझ्यासाठी स्थळ आणलंय. मी घाईघाईनं सांगितलं की माझं लग्न झालंय. त्यावर ते इतके हसले की ड्रायव्हरनं आरशातून मागं पाहिलं. मग बस कारखान्याच्या फाटकाशी येईपर्यंत त्यांनी मला नात्यांचं शास्त्र समजावलं. मला त्यातलं काही कळलं नाही, पण दुसऱ्या दिवशी मी त्यांच्यासाठी खिडकीची जागा धरून ठेवली.

निवृत्त झाल्यावर त्यांनी बाहेरून एम.ए. केलं, तेही मानववंशशास्त्रात. नातवंडं खेळवायच्या वयात कॉलेजच्या पोरांबरोबर परीक्षेला बसले आणि पास झाल्याचे पेढे वाटताना म्हणाले की आता हे सगळं एकट्याच्या डोक्यात मावत नाही, चला, मंडळ काढू. माणसं येत-जात राहिली, पण टिकलो आम्ही तिघं. एक मी. दुसरे इथल्याच पाम गावचे चंद्रकांत संखे, ज्यांची भावकी इतकी मोठी की त्यांच्याबरोबर गावातून चालायचं म्हणजे दर दारात पाणी प्यावं लागतं. आणि तिसरे मिश्राजी, बॉयलर ऑपरेटर, उत्तर प्रदेशातून आलेले. वाचायचे हिंदीतून, वाद घालायचे मराठीतून आणि चिडायचे भोजपुरीतून. भाऊ जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदावर तक्ते काढायचे. पुरुष म्हणजे त्रिकोण, बाई म्हणजे गोल, लग्न म्हणजे दोघांमध्ये बरोबरचं चिन्ह. संखेंच्या घराण्याला सबंध कॅलेंडर लागलं. आम्हा बाकीच्यांचं काम एका तारखेच्या चौकोनात उरकलं असतं.

मंडळात सगळ्यात लांबलेला वाद भावकी आणि सोयऱ्यांचा. आमच्या पुस्तकांतला एक पक्ष म्हणे, समाज वंशावर उभा आहे, बापाकडून पोराकडे जाणाऱ्या रेघेवर. दुसरा पक्ष म्हणे, छे, समाज उभा आहे तो लेकी देण्या-घेण्यावर. घराघरांतली ही देवाणघेवाण थांबली की समाज संपला. मी पहिल्या पक्षाचा, कारण पहिलं प्रकरण मी पुरतं वाचलं होतं आणि दुसरं निम्मंच. भाऊ दुसऱ्या पक्षाकडे झुकलेले. माझी बायको शैला त्या रविवारी वहिनींना ओल्या हळदीचं लोणचं द्यायला आली होती. ती दारात थांबून हे ऐकत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे मला देवाणघेवाणीत दिलंय होय? मी तर पालघरहून एसटीनं आले, ट्रंक मांडीवर घेऊन. हे पुढं बसले होते आणि वळूनसुद्धा बघत नव्हते." भाऊंनी पेन्सिल खाली ठेवली आणि फार गंभीरपणे म्हणाले की हा मुद्दा पुस्तकात यायला पाहिजे होता. शैलानं मग कॅलेंडरच्या कागदावर वाकून मंडळाचा तक्ता पाहिला. त्यात सगळे त्रिकोणच. "आणि गोल कुठंयत?" तिनं विचारलं. आतून वहिनींचा आवाज आला, "चहा टाकून राहिलेत." पुढचे कितीतरी रविवार भाऊंना हे आठवलं की हसू यायचं.

त्या वादात भाऊंचं ठेवणीतलं उदाहरण होतं भाकरीचं. ज्या घरात माणूस जातो त्या घरात त्या दिवशी चूल पेटत नाही. भावकीला सुतक, म्हणून भावकीच्या चुलीवरचंही चालत नाही. भावकीनं खांदा द्यायचा, केस काढायचे, दहा दिवस बसायचं. पण स्मशानातून आल्यावरची पहिली भाकरी, तो कडू घास, तो आणायचा सोयऱ्यांनी. लेकीच्या सासरच्यांनी, सुनेच्या माहेरच्यांनी. वाशीमकडेही असंच आणि साताऱ्याकडेही असंच. "पाहा जाधवराव," भाऊ म्हणायचे, "भावकी तुमच्यासंगं रडते, पण जेवू घालते तो सोयरा. म्हणून माणसाला दोन्ही लागते. आता मला सांगा, बोईसर कशावर उभं आहे? इथं ना कोणाची भावकी, ना कोणाचे सोयरे. भाड्याच्या खोल्या अन् शिफ्टच्या बसा."

हे ते शास्त्र म्हणून बोलत नव्हते, हे आम्हाला फार उशिरा कळलं. एका रविवारी पुस्तक मिटून त्यांनी ते आपणहून सांगितलं. त्यांची आई त्यांच्याकडे असतानाच गेली, तेव्हा ते इथं नवे होते, जवळच्या कुंभवली गावात एका खोलीत राहायचे. गावाकडची माणसं येईपर्यंत थांबणं शक्य नव्हतं. खांद्याला ते स्वतः, खोलीचे मालक आणि शिफ्टमधले दोघं. त्यातल्या एकाचं नावही त्यांना ठाऊक नव्हतं. तो अंगात कारखान्याचा गणवेश घालूनच आला होता, जेवणाचा डबा स्मशानाच्या भिंतीवर ठेवून त्यानं खांदा दिला आणि तिथूनच सेकंड शिफ्टला गेला. भाऊ घरी आले. आंघोळ झाली. मग नवरा-बायको दोघंही बसून राहिले. कशासाठी, ते दोघांपैकी कुणी बोललं नाही, पण दोघंही भाकरीची वाट बघत होते. दारावरून माणसं जात-येत होती. कुणाची काही चूक नव्हती, कुणाला ठाऊकच नव्हतं. बरंच अंधारल्यावर मालतीवहिनी उठल्या आणि त्यांनी स्टोला पंप मारला.

"आईचं दुःख निवलं, जाधवराव," भाऊ म्हणाले, "पण तो स्टोचा आवाज अजून निवत नाही." मग हसत, पण आमच्यापैकी कुणाकडेही न बघता ते म्हणाले, "तुमची थेअरी काही का असेना. मी जाईन त्या दिवशी मालतीला गॅस पेटवायला लागू नये. एवढं पाहा."

आम्ही तिघंही एकदम बोललो. संखे म्हणाले, "काय बोलता भाऊ, आमी हाव ना. आमी तुमचे भाऊच." मिश्राजींनी छातीवर हात ठेवून सांगितलं की भैया, हम तो आपके सगे छोटे भाई हैं. मीही मागं राहिलो नाही. मीही भाऊच म्हणालो. भाऊंचे डोळे भरले आणि त्यांनी घाईनं दुसरा तक्ता काढायला घेतला. आम्हाला फार बरं वाटलं... वर्षानुवर्षं हा विषय वाचणाऱ्या तीन माणसांपैकी एकाच्याही लक्षात आलं नाही की आम्ही नेमकं काय कबूल केलं होतं.

त्या रविवारी मात्र भाऊंना खांदा द्यायला माणसं कमी पडली नाहीत, उलट अडचण माणसं जास्त झाल्याचीच झाली. पामहून संखेंनी निम्मी आळी आणली. कारखान्यातले जुने-नवे आले. मिश्राजी पुढचा खांदा सोडायला तयार होईनात आणि संखेही होईनात. शेवटी वळणावळणावर बदलायचं ठरलं. मला वाटेत दोनदा मिळाला. जाताना सारखं मनात येत होतं की भाऊ, बघा, बोईसर कशावर उभं आहे. परत आलो तेव्हा मिश्राजींनी डोक्याचा गोटा केलेला. संखेंनी जाहीर केलं की दहा दिवस दाढीला ब्लेड लावणार नाही. मीही तसंच काहीतरी म्हणालो, माझ्या दाढीकडे एरवीही कुणाचं लक्ष नसतं. दुपारी भाऊंची मुलगी प्राची नाशिकहून पोचली, सोबत तिची लहान मुलगी; सासरची मंडळी दुसऱ्या दिवशी यायची होती. रडणं झालं, शांत झालं, पुन्हा झालं. आम्ही तिघं भिंतीला टेकून सख्ख्या भावांसारखे बसून होतो.

ऊन खिडकीतून सरकत भाऊंच्या रिकाम्या खुर्चीवर आलं तेव्हा मालतीवहिनी उठल्या. कुणाशी तरी बोलल्यासारखं त्या म्हणाल्या, "पोरगी सकाळची उपाशी आहे. खारीवर किती राहीन ते लेकरू..." मी पाहिलं तर कोपऱ्यात भाऊंची नात माझा पुडा मांडीवर घेऊन बसलेली, फ्रॉकभर चुरा. त्या घरात दिवसभर आलेलं अन्न म्हणजे तेवढंच, माझ्या वेंधळेपणानं आलेलं. वहिनी आत गेल्या. भांड्यात तांदूळ पडल्याचा आवाज आला. नळाचा आला. आणि मग लायटरचा. टक्.

मी संखेंकडे पाहिलं, संखेंनी मिश्राजींकडे. पुन्हा एकदा, टक्. काय झालं होतं ते तिघांनाही एकाच वेळी कळलं. आम्ही भाऊ होतो. भाऊ म्हणजे भावकी, भावकीला सुतक, आणि सुतकातला माणूस भाकरी आणत नाही. संखे, मिश्राजी आणि मी, प्रत्येकानं आपापलं नातं अगदी चोख पाळलं होतं. बिल्डिंगमधल्या शेजाऱ्यांना वाटलं, वाचनवाले एवढे जवळचे आहेत, त्यांनी बघितलंच असणार. सगळं बोईसर त्या दिवशी सोनटक्क्यांची भावकी झालं होतं आणि सोयरा होऊन कुणीच आलं नव्हतं.

मी उठून स्वयंपाकघराच्या दारात गेलो. वहिनींच्या हातातल्या लायटरची ठिणगी पडत होती पण ज्योत धरत नव्हती. "वहिनी, थांबा," मी म्हणालो.

त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही, नुसतंच. "काहून, भाऊ?"

इतकी वर्षं तो शब्द मी ऐकत होतो आणि दर वेळी काहीतरी उत्तर देत होतो, बहुतेक वेळा चुकीचं. त्या दिवशी मात्र उत्तर पाठ होतं. मागून जिन्यावर चपला वाजल्या आणि धापा टाकत शैला आत आली, हातात तिच्या माहेरचा मोठा पितळी कडीचा डबा. ती दोन दिवस पालघरला भावाकडे होती. मी सकाळी फोन केला होता, तेव्हा नुसतं बरं म्हणून तिनं फोन ठेवला होता. ती सरळ माझ्या बाजूनं आत गेली, वहिनींच्या हातातून लायटर काढून घेतला आणि वर फळीवर, डब्यांच्या मागं सारून ठेवला. "बसा वहिनी. भाकरी आणलीय," ती म्हणाली.

आता खरं तर मी गप्प राहायचं. पण मंडळाचा सभासद तो. मी हळूच म्हणालो, "अगं, पण मी भाऊ म्हणजे तूही सुतकातच आलीस की. आपल्या घरचं कसं चालेल..."

शैलानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "तुम्ही धरा काय ते सुतक. ही भाकरी माझ्या भावाच्या घरची आहे. माझ्या वहिनीनं थापलीय." डब्यात तांदळाच्या पांढऱ्याशुभ्र भाकऱ्या होत्या, इकडच्या, ज्वारीच्या नव्हेत. खालच्या पुडात पिठलं, आणि कागदात गुंडाळून कडुलिंबाची चार पानं. तिनं वहिनींना खाली बसवलं, भाकरीचा तुकडा मोडला, पिठल्याला लावला आणि त्यांच्या तोंडाशी नेला. वहिनींनी तोंड मिटून घेतलं. दिवसभर त्या फारशा रडल्या नव्हत्या. तो घास समोर दिसला आणि मग त्या रडल्या, शैलाच्या खांद्यावर कपाळ टेकून, त्या कुंभवलीच्या खोलीतल्या संध्याकाळसकट रडल्या असाव्यात. शैलानं घास तसाच धरून ठेवला. रडणं सरल्यावर त्यांनी तो खाल्ला. दारात संखे स्वतःशीच पुटपुटले, "सोयऱ्याची भाकर आली एकदाची." मिश्राजी तुळतुळीत डोक्यावरून हात फिरवत राहिले.

घरी जाताना रिक्षात मी शैलाला विचारलं की तुला कसं कळलं, कुणी काही आणलं नसेल म्हणून. ती म्हणाली, "तुम्ही सगळे तिथंच होतात ना, त्यावरून."

...यालाही आता काही आठवडे झाले. मंडळ बंद पडणार असं मला वाटलं होतं, पण वहिनींनीच निरोप धाडला की रविवारी या, फक्त वर गच्चीवर बसा, मुगवड्या घातल्यात. दर वर्षी थंडी सरली की वहिनी गच्चीवर जुन्या साडीवर वड्या घालायच्या आणि राखणीला भाऊ. एका हातात पुस्तक, दुसऱ्या हातात वेताची काठी. पान उलटायचं, काठी आपटायची, पान उलटायचं. कावळे त्यांना ओळखून होते. पुस्तकाचा रंगतदार भाग आला की काठी थांबते, हे कावळ्यांना आमच्याआधी कळायचं. यंदा त्या खुर्चीत मी बसलो. खुर्चीच्या हातावर अजून त्यांच्या पेन्सिलच्या रेघा आहेत, एक त्रिकोण, शेजारी एक गोल, मध्ये बरोबरचं चिन्ह. मी निष्ठेनं वाचायला लागलो आणि प्रकरणाच्या मध्यावर मान वर केली तेव्हा साडीचा एक कोपरा स्वच्छ झाला होता. संखे म्हणाले, "जाधव, तू वाच तरी नाय तर राख तरी. भाऊंना दोनी जमायचं." तिघंही हसलो. बरोबर त्याच वेळी भाऊंनी काहून म्हटलं असतं, तेवढी जागा आम्ही तिघांनी आपोआप मोकळी सोडली.

परवा मालतीवहिनी आमच्याकडे आल्या. त्या दिवसानंतर पहिल्यांदाच घराबाहेर पडल्या होत्या, पायरीवर थोड्या अडखळल्या. हातात शैलाचा डबा. चहा घेतला, भाऊंचा विषय निघाला आणि न रडता सरला. त्या गेल्यावर मी डबा उचलला तर जड. आत काठोकाठ मुगवड्या, कावळ्यांपासून आणि माझ्यापासून वाचलेल्या. मला एकदम पुस्तक आठवलं. शैलाला म्हटलं, हे बघ, दुखवट्याचा डबा रिकामा परत करायचा असतो. तो जर भरून आला, तर याचा अर्थ समाजरचनेच्या दृष्टीनं फार मोठा आहे. म्हणजे ही आता नुसती शेजारधर्माची गोष्ट राहिली नाही, तर दोन घरांमध्ये... मी चष्मा शोधायला लागलो. भाऊ असते तर त्यांनी तक्ताच काढला असता.

शैलानं वड्या बरणीत ओतल्या, डबा विसळला, पदरानं पुसला आणि ओट्यावर उघडाच ठेवला.

"वहिनींना हा रिकामा कसा पाठवायचा?" ती म्हणाली. "उठा, नारळ घेऊन या."